जिथे हात आधी जातो

सकाळी टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि तो हाताला हलका लागला. मोजायच्या आधीच कळलं. बावीस वर्षं पुस्तकांच्या शेवटी येणारी शब्दसूची करतेय, पानांचं वजन आता माझ्या मनगटालाच कळतं. शुक्रवारी मी चोवीस पानं दिली होती आणि आज एकोणीस परत आली होती. पाच पानं कुठे गेली ते शोधायला लांब जावं लागलं नाही. गठ्ठ्याखाली खोडलेल्या नोंदींची वेगळी यादी टाचून ठेवली होती, आणि प्रत्येक नोंदीवर लाल रेघ होती. रेघही पट्टी लावून मारलेली, कणभर वर नाही की खाली नाही. आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणतात ते काही उगाच नाही. यादीच्या तळाशी त्यांचं टपोरं, एका मापाचं अक्षर होतं: 'खोडलेल्या नोंदी ३११. हे शब्द आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. उरलेल्या पानांवर सह्या करून पाच वाजेपर्यंत द्याव्यात.' मी खुर्ची ओढलीच नाही, उभ्या उभ्या वाचत राहिले. 'नळी अडकली', रेघ. 'स्क्रीन हलत नाही', रेघ. 'पिवळा दिवा जात नाही', 'पेशंट बदलला पण नाव जुनंच', 'कुंई कुंई करतंय', रेघ, रेघ, रेघ. 'चुकून दाबलं' वरची रेघ मला जरा जास्त जोर देऊन मारलेली वाटली. डोक्यात तिडीक गेली. पूर्वी अशा वेळी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाणी आलं की मी सही करून मोकळी व्हायचे. आज डोळे कोरडे होते, ते मीच जरा आश्चर्याने तपासून पाहिलं.

शब्दसूची म्हणजे काय हे आमच्या घरात कोणालाच कधी नीट समजलं नाही. धाकटा भाऊ अजून सगळ्यांना सांगतो की ताई पुस्तकाची अनुक्रमणिका करते. मी म्हणते, अरे बाबा, अनुक्रमणिका पुढे असते आणि मी मागे असते. पुढची लेखकाच्या सोयीची असते, त्याने कोणत्या क्रमाने काय सांगितलं त्याची. मागची असते ती घाईत असलेल्या माणसासाठी. आणि आमच्या पुस्तकाला हात लावणारं माणूस घाईतच असतं. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. पलंगाशेजारी स्टँडवर एक पंप असतो, तो नळीतून ठरल्या वेगाने औषध सोडतो, ते काम आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्याचं सहाशे पानांचं मॅन्युअल त्याच स्टँडला दोरीने बांधलेलं असतं. गेल्या वर्षी एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, आता स्क्रीनवरच शोधायची सोय आहे, दोरी आणि पुस्तक दोन्ही काढून टाकू. तेव्हा मी विचारलं होतं की स्क्रीनच हलेनाशी झाली तर तिच्यात काय शोधणार. सगळे हसले आणि पुस्तक राहिलं. फूटपट्टी मात्र हसले नव्हते, त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं होतं.

ते वाईट आहेत असं नाही. नाकासमोर चालणारा माणूस. एका वस्तूला एकच नाव असावं आणि ते नाव सगळीकडे तेच असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअर 'प्रवाह-अवरोध सूचना' म्हणतं ना, मग सूचीतही प्रवाह-अवरोध सूचनाच. माझे वडील असेच होते. घरातल्या प्रत्येक वस्तूची त्यांनी जागा ठरवून दिली होती आणि त्यांना स्वतःला कधी काहीही सापडत नसे. किल्ल्यांसाठी दाराशी खिळा होता. तो रिकामा असायचा, कारण आई किल्ल्या चष्म्याच्या खणात ठेवायची. वडील चिडायचे, घरभर शोधायचे, आणि आई आतून शांतपणे सांगायची, "चष्म्याशिवाय मी बाहेर पडते का? हात आधी जिथे जातो तिथे ठेवावं माणसाने." बॅटरीचे सेल देवघरात, कारण दिवे गेले की तिचा हात आधी तिथल्या काडेपेटीवर जायचा. सुई-दोरा दाराच्या मागे, कारण बटण तुटलेलं नेहमी निघायच्या वेळीच लक्षात येतं. लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची, मैत्रिणींच्या घरी सगळं कसं जागच्या जागी असायचं. पुढे या धंद्यात आले, पहिल्याच वर्षी शिकवलेलं सगळं ऐकलं, आणि मनात म्हटलं, हे तर आई न शिकता करते. वस्तूचं खरं नाव काय ते लेखकाला ठाऊक असतं. ते ठाऊक नसलेल्या माणसाचा हात आधी कुठे जाईल, हे सूची करणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. बाकी सगळी नुसती हमाली.

मग आठ वर्षांपूर्वी मी ती चूक केली. आमच्या धंद्यातच होऊ शकते अशी चूक, आणि ती होऊ नये म्हणून नव्या मुलींना पहिल्या दिवशी बजावतात. 'गजर बंद करणे' या नोंदीपुढे मी पानाचा आकडा न देता लिहिलं होतं, पाहा: सूचना थांबवणे. आणि तिकडे, बारा पानं पलीकडे, 'सूचना थांबवणे' पुढे लिहिलं होतं, पाहा: गजर बंद करणे. आकडा कुठेच नाही. छापून गेलं. दोन महिन्यांनी एका हॉस्पिटलचं एका ओळीचं पत्र आलं की आमच्या सिस्टर अजून पानं उलटत आहेत. कँटीनमध्ये महिनाभर तेच चाललं होतं. कोणी चहा मागितला की दुसरा म्हणायचा, चहा, पाहा: कॉफी, आणि कॉफी मागितली की पाहा: चहा. मीही हसत होते. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण फूटपट्टींनी बैठक घेतली आणि नियम केला, तो आजही भिंतीवर चौकटीत लावलेला आहे: 'सूचीच्या प्रत्येक पानावर सूची करणाऱ्याची पूर्ण सही असल्याशिवाय पुस्तक छपाईला जाणार नाही.' कंपनीत दुसऱ्या कोणालाही पानापानावर सही करावी लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे चुका करतात, त्यांना पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती म्हणतात. मी मात्र चौकीवर हजेरी लावल्यासारखी प्रत्येक आवृत्तीला एकोणीस सह्या करत आले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. सॉफ्टवेअरमध्ये नाही तो शब्द सूचीत नाही. 'गजर' हा शब्दच मी काढून टाकला, कारण सॉफ्टवेअर त्याला गजर म्हणत नाही. सूची अगदी स्वच्छ झाली. फूटपट्टी पहिल्यांदा म्हणाले, छान. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

दहा वाजता मी बसले, संगणक सुरू केला आणि रेघा मारलेली यादी समोर उभी केली. त्याआधी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन हेल्पलाइनवालीला काय झालं ते सांगून आले. हॉस्पिटलांतून मदतीसाठी येणारे फोन ती घेते. गेलं वर्षभर ती माझ्यासाठी फोन करणाऱ्याचा पहिला शब्द चिठ्ठीवर उतरवून घेतेय. तिला माझी एकच अट होती, शब्द सुधारायचा नाही, जसा आला तसाच लिहायचा. त्या चिठ्ठ्या मी बुटांच्या खोक्यात ठेवते. तीनशे अकरा नोंदी म्हणजे त्या खोक्यातल्या तीनशे अकरा चिठ्ठ्या, एकही मी मनाने केलेली नाही. हे फूटपट्टींना सांगितलं होतं का? सांगितलं होतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

जेवायच्या सुट्टीत ती खाली आली, डबा माझ्या टेबलावरच उघडला, आणि मी टाइप करत असताना एकेक चिठ्ठी वाचून दाखवू लागली. ती नुसती वाचत नाही, त्या त्या माणसाचा आवाज काढते. 'पाणी संपलं असं म्हणतंय पण बाटली भरलेली आहे', हा एक घाईतला तरुण डॉक्टर. 'थांबवायचं कसं, थांबवायचं कसं', ही बाई दोनदा म्हणाली होती म्हणून दोनदा लिहिलंय. 'चुकून दाबलं' म्हणताना तिने आवाज अगदी खाली नेला. म्हणाली, ही मुलगी फोनवर कुजबुजत होती, बहुतेक तिच्या मागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. चूक झाली हे ओरडून कोण सांगतं? मी सगळं टाइप करत गेले, आणि एकेक नोंद आपापल्या अक्षराखाली जाऊन बसत गेली. 'चुकून दाबलं' च मध्ये, पृष्ठ अठ्ठ्याऐंशी. 'गजर' ग मध्ये, पृष्ठ दोनशे बारा. हा आकडा मला पाहावा लागत नाही.

दोनशे बारा. चौदा महिने झाले. आईला झटका आला होता, उजवी बाजू गेली होती आणि शब्दांचा सगळा खण कोणीतरी पालथा केल्यासारखा झाला होता. पंख्याला ती पाहुणा म्हणायची. चमच्याला होडी म्हणायची. मला कधी माझ्या नावाने, कधी तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. पण जे म्हणायची ते ठाम, आपण चुकतोय असा भाव नाही, आणि दोन दिवसांत मला सगळं कळू लागलं होतं. कळायला नको? तेच माझं काम. पलंगाशेजारी आमचाच पंप होता. मी पहिल्या दिवशीच ओळखला आणि कोणाला काही बोलले नाही. एका दुपारी, भेटीच्या वेळेत, तो वाजायला लागला. बारीक, टोचणारा, एकसारखा आवाज. आई दचकली. म्हणाली, "चिमणी ओरडतेय गं. तिला गप्प कर." वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर होती, नवी, विशीतली. ती धावत आली, दोन बटणं दाबून पाहिली, मग दोरीचं पुस्तक ओढलं आणि मागून उघडलं. मागून. म्हणजे माझ्याकडून. तिचं बोट ग च्या रकान्यावरून खाली आलं आणि परत वर गेलं. गजर नव्हता. मग आ काढला, आवाज नव्हता. व काढला, वाजणे नव्हतं. स्वच्छ सूची होती, माझीच होती, प्रत्येक पान मी सही करून दिलेलं होतं. आई डाव्या हाताने डावा कान झाकून बसली होती. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून उजवा कान उघडा होता, तो मी माझ्या हाताने झाकला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सात मिनिटं. सात मिनिटं मी आईचा एक कान झाकून उभी होते आणि त्या पोरीचं बोट माझ्या रकान्यांतून वणवण करताना पाहत होते. मूग गिळून का बसले होते मी? लाज वाटत होती म्हणून. शेवटी म्हटलं, "दोनशे बारा." तिने पान काढलं, नळीची मुडप सरळ केली, आवाज थांबला. मग वळून तिने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, कुठेतरी वाचलं होतं.

आई त्याने गेली नाही. ती अकरा दिवसांनी गेली आणि वेगळ्या कारणाने गेली, डॉक्टरांनी ते नीट समजावून सांगितलं होतं, मला ते पटतंही. माझं म्हणणं त्या सात मिनिटांपुरतं आहे. तिच्याजवळ मोजून अकरा दिवस उरले होते, आणि त्यातली सात मिनिटं माझ्या आज्ञाधारकपणाने खाल्ली. हे मी भावालाही सांगितलेलं नाही. हेल्पलाइनवालीला तेवढं सांगितलं होतं, चिठ्ठ्या मागायला गेले त्या दिवशी. आज डबा बंद करताना ती म्हणाली, "हे सांग ना त्यांना. माणूस आहेत ते, विरघळतील." मी नाही म्हटलं. आईच्या नावाने भीक मागून मिळालेली सूची मला नको होती. त्यांनी कीव येऊन हे शब्द ठेवले असते, तर पुढच्या आवृत्तीत, कीव ओसरली की, तीच पट्टी परत बाहेर आली असती. शब्द शब्दांच्या बळावर राहिले पाहिजेत. ती म्हणाली, तू भयंकर हट्टी आहेस. बावीस वर्षांत मला या इमारतीत कोणी हट्टी म्हटलं नव्हतं. गुणी म्हणत.

साडेतीनला तीनशे अकरावी नोंद बसली. खोकं रिकामं झालं. मी पडद्याकडे पाहत होते आणि बोटं अजून कळांवर होती, आणि त्यांनी आपणहून च काढला आणि लिहिलं, 'चिमणी ओरडतेय: २१२'. ती 'चिकटपट्टी सुटली' च्या खाली आणि 'चुकून दाबलं' च्या वर जाऊन बसली, जशी काही नेहमी तिथेच होती. मी पानं छापायला टाकली. चोवीस पानं गरम गरम बाहेर आली, हाताला बरोबर वजन लागलं, आणि मग मी पेन काढून सह्या करायला बसले. या खेपेला त्या हजेरीच्या सह्या नव्हत्या. आठ वर्षं जो नियम मला चपराकेसारखा वाटत होता तो भिंतीवर चौकटीत होता, मी मान वर करून तो पुन्हा वाचला, आणि पहिल्यांदाच त्यातला शब्दन् शब्द मला आवडला. माझ्या सहीशिवाय पुस्तक जाणार नाही. म्हणजे एकोणीस पानं जाणार नाहीत. हे कोणाच्या कसं लक्षात आलं नाही, आधी माझ्या तरी?

च च्या पानाशी हात थांबला. ती नोंद मी बराच वेळ पाहिली. खरं तर ठेवता आली असती, तीनशे बारात एक कोणाच्या डोळ्यांत आली नसती. आणि जगात कुठेतरी आईचा शब्द छापील राहिला असता, हजारो पलंगांशेजारी, दोरीला बांधलेला. फार मोह झाला. मग पट्टी न घेता, हातानेच, त्या ओळीवर एक रेघ मारली आणि पानाखाली सही केली.

पावणेपाचला फूटपट्टी स्वतः आले. बहुतेक एकोणीस पानं घ्यायलाच आले होते. गठ्ठा पाहून त्यांनी आधी जाडी पाहिली, मग पानं चाळली, आणि त्यांचा चेहरा रेघेसारखा सरळ झाला. म्हणाले, हे मी खोडलं होतं. मी म्हटलं, मी परत लिहिलं. ते आवाज न चढवता बोलले, ते कधीच चढवत नाहीत. एकसारखेपणा, तपासणीला येणारी माणसं, एका वस्तूला तीन नावं असली की होणारा गोंधळ, सगळं पुन्हा सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. मी म्हटलं, सर, वस्तूला नाव तुमचंच ठेवलंय, पानाच्या आत मी एक अक्षर बदललेलं नाही. मी फक्त दारं वाढवली आहेत. आणि या वेळी प्रत्येक दारावर आकडा आहे, पाहा-बिहा काही नाही. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले,

"मॅडम, तुम्ही त्या एकोणीस पानांवर सही करणार नसाल, तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"पुढच्या आवृत्तीपासून सूची तसंही मशीनच करणार आहे."

"मग पुढच्या आवृत्तीवर त्याची सही घ्या. ही माझी आहे."

त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. स्वतःचंच अक्षर, टपोरं, एका मापाचं. किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही. खालून छपाईवाल्यांचा फोन आला, पाच वाजले आहेत, पानं कधी पाठवताय म्हणून. ते फोनवर म्हणाले, दोन मिनिटं. मग त्यांनी गठ्ठा परत घेतला आणि पहिल्यापासून प्रत्येक पानाखालची सही तपासत गेले, अंगठ्याने, एकेक. तो माणूस कोणतंही काम अर्धवट करत नाही, हे मी कबूल करते. च च्या पानाशी अंगठा थांबला.

"ही एक तुम्ही स्वतःच खोडलीत," ते म्हणाले. पान जवळ धरून त्यांनी रेघेखालचे शब्द वाचले. "आणि पट्टीसुद्धा न लावता. ही का नको?"

"हा शब्द शोधणारं आता कोणी नाही, सर," मी म्हटलं. "बाकीचे तीनशे अकरा आहेत."

चोवीसची चोवीस पानं टेबलावर ठोकून त्यांनी कडा जुळवल्या, बगलेत घेतली आणि जिन्याने खाली छपाईकडे निघून गेले.